अठ्ठ्याण्णव अंशांचे पाणी

आमच्या गावाचे नाव कोहिनूर. नाव ऐकताच परगावचा पाहुणा हिऱ्याची चौकशी करतो आणि आम्ही त्याला तुरीचे शेत दाखवतो. बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातले हे गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या शिवेकडे आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि मोटारदुरुस्तीच्या दुकानात दखनी, अशा तीन भाषा येथे एकाच दिवसात एकाच तोंडून निघतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. १९४८ पर्यंत आमचे घराणे निजामाच्या राज्यात होते, १९५६ साली ते म्हैसूर राज्यात आले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. एवढ्या उलथापालथीत घराचा उंबरा मात्र जागचा हलला नाही.

या घरात आम्ही, आमची सौभाग्यवती आणि आमची थोरली बहीण आक्का असे तिघे राहतो. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून आम्ही निवृत्त झालो. चौथे माणूस म्हणावे अशी आमची १९९४ सालची जुनी मारुती. ही आठशे सी.सी.ची मोटार डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली, तेव्हापासून २००० सालापर्यंत ती कार्ब्युरेटरवर चालत असे. आमचीही तशीच. तिचा कार्ब्युरेटर झिजला, तेव्हा मूळ सुटे भाग मिळेनात. कधी पेट्रोल ओसंडून वाहावे, कधी चढावर गाडीने मान टाकावी. गावातले उस्ताद तिला दर पंधरवड्याला उघडत, जेट फुंकून साफ करत, कान लावून स्क्रू फिरवत आणि म्हणत, "गुरुजी, आता तिचं वय झालं. तुमचं माझं झालं तसंच."

मागल्या मे महिन्यात आमचा पुतण्या घरी आला. तो चेन्नईला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता आणि दोन नोकऱ्यांच्या मधला महिना त्याला मोकळा मिळाला होता. येताना त्याने पेट्रोल इंजेक्शनचा एक संच आणला. पंप, इंजेक्टर, दाब राखणारा रेग्युलेटर, तीन-चार सेन्सर आणि त्या सर्वांवर हुकूम चालवणारी संगणकाची पेटी. "काका, आठवड्यात गाडी नवी करून देतो," असे म्हणून त्याने कामाला हात घातला. अशा फेरफाराविषयी परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे लागते, हे आम्ही त्याला सांगितले आणि विचारूनही आलो. उस्तादांना मात्र त्याने विचारले नाही. ही चूक मोटारीच्या कोणत्याही भागातली नव्हती, पण पुढच्या सगळ्या चुकांची ती आई ठरली.

या विद्येचा मुद्दा वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो. कार्ब्युरेटरमध्ये इंजिन आपल्या श्वासाबरोबर पेट्रोल ओढून घेते. त्याला पेट्रोल पोहोचवणाऱ्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असला तरी भागते. इंजेक्शनमध्ये पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने नळीत तयार उभे असते आणि इंजेक्टरची झडप काही सहस्रांश सेकंद उघडून ते फवारते. झडप किती वेळ उघडायची हे संगणक ठरवतो. त्यासाठी इंजिनात किती हवा गेली हे त्याला समजावे लागते आणि ते सांगतात सेन्सर. एक हवेचा दाब सांगतो, एक उष्णता सांगतो, एक पायाखालच्या पेडलची स्थिती सांगतो. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने अशी योजना प्रथम मोठ्या प्रमाणावर मोटारींत आणली, तीही हवेचा दाब मोजूनच पेट्रोल ठरवीत असे. आपल्या देशात एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष आले आणि साध्या मोटारसायकलींनीही कार्ब्युरेटरचा निरोप घेतला. उस्तादांच्या दुकानापुढली गर्दी तेव्हापासून ओसरत गेलेली आम्ही पाहिली होती.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगणक हवा मोजतो, वेळ मोजतो, पण या साध्या संचातला संगणक पेट्रोलचा दाब मोजत नाही. तो तीन बार आहे, असे गृहीत धरून चालतो. दाब कमी झाला तर झडप तेवढाच वेळ उघडूनही पेट्रोल कमी पडते आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो. धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर असला तर ही उणीव थोडीफार उघडकीस येते. आमच्या संचात तो नव्हता.

आठव्या दिवशी मोटार सुरू झाली आणि सकाळच्या गारव्यात ती अशी धावली की आम्हाला आमचे वय विसरायला झाले. त्याच आठवड्यात आक्काच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख कलबुर्गीच्या रुग्णालयात ठरली होती. दुपारी बाराला आम्ही निघालो. अर्धी वाट सरली आणि चढावर मोटार गुदमरू लागली, मग थांबली. वर मे महिन्याचे ऊन, भोवती नांगरलेली काळी रानं, सावलीला एक बाभूळ. आक्का पदराने वारा घेत बसली. अर्ध्या तासाने मोटार आपोआप सुरू झाली, पुढच्या चढावर पुन्हा बसली. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आक्का एवढेच म्हणाली, "असू दे रे, तीन आठवडे आणखी धूसर दिसेल, त्यात काय?" पण परतताना पुतण्याच्या चेहऱ्याकडे आम्हाला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः जाऊन उस्तादांना बोलावून आणले. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडण्याआधीच नाक वर केले. "गुरुजी, पेट्रोलचा वास येतो. आधी कोणी विडी पेटवू नका." पुतण्याने गडबडीत एका जोडणीला कार्ब्युरेटरसाठी मिळणारी साधी रबरी नळी लावली होती. तीन बार दाबाखाली आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ती फुगून तिच्यावर घामासारखे थेंब आले होते, आणि खाली हातभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट होता. काल त्या मोटारीत आम्ही आक्काला बसवले होते, हे आठवून आमच्या अंगावर काटा आला. इंजेक्शनच्या दाबासाठी वेगळ्या, जाड विणीच्या नळ्या आणि वेगळ्या पट्ट्या मिळतात. त्या आल्याखेरीज किल्ली फिरवायची नाही, असे उस्तादांनी बजावले आणि पुतण्याने ते मुकाट्याने ऐकले.

नळ्या आल्यावर खरा शोध सुरू झाला. उस्तादांचे मत असे की उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ होते. कार्ब्युरेटरच्या काळात हा रोग नेहमीचा होता आणि पंपावर ओले फडके ठेवणे हा त्याचा उपाय. पुतण्याचे मत असे की एखादा सेन्सर खोटे बोलतो. प्रत्येकाला आपल्या ओळखीचा चोरच दिसत होता. आम्ही दोघांना विनवले की आधी दाब मोजा. बसवकल्याण हे लॉऱ्यांचे गाव, तेथून दाबमापक गेज मिळाले.

येथे एक बारकावा आहे. उभ्या मोटारीत इंजिन अगदी थोडे पेट्रोल पिते, त्यामुळे आजारी पंपही तेव्हा दाब ठीक दाखवतो. परीक्षा भाराखाली घ्यावी लागते. म्हणून गेज लांब नळीने काचेच्या बाहेरच्या अंगाला बांधून आम्ही चढावर गेलो. सकाळी पेडल पूर्ण दाबल्यावर काटा २.६ वर होता. दुपारी त्याच चढावर तो १.८ पर्यंत उतरला आणि मोटार गुदमरली. वाफ असती तर काटा थरथरला असता. तो शांतपणे खाली येत होता, म्हणजे पुरवठाच आटत होता. मग टाकीकडे परतणारी नळी बाटलीत सोडून तीस सेकंद मोजले. अर्धा लिटर यायला हवे तेथे शंभर मिलिलिटरही भरले नाही. फिल्टर कापून पाहिला तर जुन्या टाकीतला गंज त्यात चिखलासारखा बसला होता.

पण गंज दुपारीच कसा जागा होतो? याचे उत्तर उस्तादांनी काढले. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीला लावली तेव्हा साडेतेरा व्होल्ट दिसले. मग पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर तारा धरल्या, तर नऊसुद्धा नव्हते. पंपाला वीज नेणारी तार बारीक होती आणि तिचा अर्थ रंग लावलेल्या, गंजलेल्या बोल्टवर कसला होता. उन्हात आणि सतत प्रवाहाने तो सांधा तापे, विरोध वाढे, पंप थके. थोडी विश्रांती मिळाली की सांधा निवे आणि मोटार पुन्हा सुरू होई. जाड तार, स्वतंत्र रिले आणि घासून स्वच्छ केलेला अर्थ एवढ्याने काम झाले. नवा फिल्टर घालून पुन्हा चढावर गेलो. सकाळी तीन बार, भर दुपारीही तीन बार.

त्या संध्याकाळी घरात चहा झाला. गोष्ट येथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने काळा धूर ओकला. स्पार्क प्लग काढले तर ते काजळीने माखलेले. दुपारच्या अशक्तपणावर उपाय म्हणून आपण मधल्या दिवसांत संगणकाच्या तक्त्यात पेट्रोल वाढवून ठेवले होते, हे पुतण्याला आठवले. ती वाढ त्याने काढून टाकली. धूर गेला, काजळी मात्र थोडी राहिलीच. तेव्हा तो सर्वांदेखत बोलून गेला, "उस्ताद, तुम्ही हात लावण्याआधी सकाळी तरी गाडी व्यवस्थित चालत होती."

उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी पान्हे पुसले, पिशवीत भरले आणि गेले. चाळीस वर्षांत आमच्या दारातून ते मजुरी न घेता आणि पाणी न पिता प्रथमच गेले. पुढे चार दिवस ते फिरकले नाहीत. आक्काची दुसरी तारीख दहा दिवसांवर आली होती.

पुतण्या हट्टाला पेटला. सगळे सेन्सर एकेक करून पुन्हा तपासायचे, असे त्याने ठरवले. उष्णतेच्या सेन्सरची परीक्षा सोपी असते. त्याचा विद्युतविरोध उष्णतेबरोबर कमी होत जातो. नेहमीच्या एका जातीच्या सेन्सरमध्ये २० अंशांला सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांला सुमारे सव्वातीनशे. एकदा बर्फाच्या पाण्यात व एकदा उकळत्या पाण्यात बुडवून आकडे घ्यायचे आणि संगणकाला शिकवायचे. आक्काच्या चुलीवर पातेले चढले. आम्ही आमचा शाळेतला जुना काचेचा तापमापक आणून दिला. पाणी खळखळू लागले आणि पारा ९८ वर थांबला.

"काका, तुमचा तापमापक बिघडला," पुतण्या म्हणाला आणि वहीत १०० लिहू लागला.

आम्ही त्याचा हात धरला. हा धडा आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिला होता. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीला. वर जावे तसा हवेचा भार कमी होतो आणि साधारण तीनशे मीटरला एक अंश या हिशेबाने उत्कलनबिंदू उतरतो. आमचा मुलूख सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. आमच्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळणार. तापमापक खरे बोलत होता.

पुतण्या क्षणभर थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग हवेच्या दाबाच्या सेन्सरचं काय?"

त्याने सांगितलेली हकीकत अशी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली की दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, आणि तो खऱ्या दाबाशी ताडून पाहणे ही त्याची पहिली परीक्षा. चेन्नईला ही परीक्षा तो फोनवरच्या हवामानाच्या आकड्याने करी आणि दोन्ही आकडे नेहमी जुळत. येथे सेन्सरने ९४ किलोपास्कल दाखवले आणि फोनने १००.५. सेन्सर स्वस्तातला, तोच चुकला असेल, असे समजून त्याने गुणक बदलून ९४ चे १००.५ करून टाकले होते.

वास्तविक हवामानखाते वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक गावाचा दाब समुद्रसपाटीचा करून छापते. त्या आकड्याने वादळाची वाट कळते, आपल्या अंगणातली हवा कळत नाही. चेन्नई समुद्राकाठी, म्हणून तेथे दोन्ही एकच. कोहिनूरच्या हवेचा खरा दाब सुमारे ९४ च होता. बिचारा सेन्सर पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता आणि आम्ही त्याला खोटे बोलायला शिकवले होते.

मग आम्ही दोघांनी हिशेब मांडला. ९४ च्या जागी १००.५ मानल्यामुळे संगणक हवा सुमारे सात टक्के जास्त धरीत होता आणि तितके पेट्रोल जास्त देत होता. इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. दाब चौपट केला तर पेट्रोल दुप्पट होते. त्या हिशेबाने तीन बारऐवजी २.६ बार असल्यास पेट्रोल सुमारे सात टक्के कमी. म्हणजे सकाळच्या वेळी एका चुकीने वाढवलेले दुसरी चूक नेमके काढून घेत होती, आणि त्या दोघींच्या संगनमताला आम्ही "गाडी व्यवस्थित चालते" असे म्हणत होतो. उस्तादांनी त्यातली एक चूक दुरुस्त केली, म्हणून दुसरी उघडी पडली. आणि दोष आला तो दुरुस्त करणाऱ्याच्या माथी!

किलोपास्कल हे माप ज्या पास्कलच्या नावाचे, त्याने १६४८ साली आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या पुय द डोम या डोंगरावर पाठवले होते. पायथ्यापेक्षा शिखरावर पारा खाली उतरला आणि हवेला वजन आहे, ते उंचीप्रमाणे बदलते, हे जगाला कळले. हा धडा आम्ही किती वर्गांना पाठ करायला लावला असेल! पण स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीपाशी आम्हालाही तो आधी सुचला नाही. पातेले उकळल्यावर सुचला.

पुतण्याने गुणक पूर्ववत केला. मोटार सुरू करून पाहण्याआधी मात्र तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि एकटाच उस्तादांच्या दुकानाकडे गेला. तेथे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. तासाभराने दोघे बरोबर आले. उस्तादांनी आधी ओट्यावर बसून पाणी मागितले. आक्काने तांब्या पुढे केला, तेव्हा आमच्या छातीवरचे ओझे उतरले. मग पुतण्याने त्यांना संगणकाचा पडदा दाखवला, दाबाचा आकडा कोठे पाहायचा, तक्ता कसा वाचायचा ते सांगितले. उस्तादांनी कान इंजिनाकडे आणि डोळे पडद्याकडे ठेवून सगळे ऐकले. "म्हणजे ही पेटी माझ्यासारखीच," ते म्हणाले, "जे सांगाल त्यावर विश्वास ठेवते." प्लग काढून पाहिले, तर त्यांच्या टोकाला सुपारीसारखा फिका तपकिरी रंग आला होता.

ठरल्या दिवशी आम्ही भर दुपारीच निघालो. सकाळी जाता आले असते, पण उस्तादांनी दुपारचाच आग्रह धरला. "परीक्षा द्यायची तर कठीण पेपराची," असे म्हणून ते स्वतः पुढे बसले. बाभळीचा चढ आला तेव्हा कोणी बोलेना. काचेवर बांधलेल्या गेजचा काटा तीनवर होता. मोटार चढ चढून गेली. आक्काची शस्त्रक्रिया झाली, आणि पट्टी सुटल्यावर तिने पहिली तक्रार केली ती आमच्या पिकलेल्या मिशांविषयी.

पुतण्या नव्या नोकरीवर गेला आहे. जाताना त्याने गेज, मीटर आणि जुना लॅपटॉप उस्तादांच्या दुकानात ठेवला. आता आसपासच्या गावांतून इंजेक्शनच्या मोटारसायकली तेथे येऊ लागल्या आहेत. भिंतीवर उस्तादांनी कोळशाने एक आकडा लिहून ठेवला आहे : ९४. कोणी विचारले तर ते सांगतात, "हा आपल्या गावचा दाब. पेटीत हाच दिसला पाहिजे."

आम्हा बाहेरच्या मराठी माणसांना पुण्या-मुंबईचे पाहुणे कधी कधी आमच्या बोलण्याबद्दल टोकतात. हा शब्द कानडी वळणाचा, तो दखनी. पूर्वी आम्ही ओशाळून शब्द बदलत असू, गुणक फिरवून त्यांच्या आकड्याशी आकडा जुळवत असू. अलीकडे आम्ही तसे करत नाही. पाहुण्यांना चहा देतो, आणि चहाचे आधण ठेवताना आक्का त्यांना हसत सांगते की आमच्याकडे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते, पण चहा चांगला होतो.